बाराव्या वर्षानंतरची पुस्तके : महाराज सयाजीराव गायकवाड

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील. घराण्याचे नाव मोठे असले तरी घरची राहणी शेतकऱ्याची होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळरावांचे जग शेतीवाडी, गुरेढोरे आणि गावातील सवंगडी एवढ्यातच सामावलेले होते. अक्षरांशी त्यांची ओळख जवळजवळ नव्हतीच.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि त्यांचे दिवंगत बंधू खंडेराव महाराज यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. कवळाण्याहून भावकीतील मुले बडोद्यास आणण्यात आली. कशासाठी आलास असे विचारल्यावर राज्य करायला आलो असे उत्तर गोपाळने दिले आणि म्हणून त्याची निवड झाली, ही कथा शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव झाला. ती कथा मुलांना आवडते, कारण ती हजरजबाबीपणाची आहे. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही, कारण ते कष्टाचे आहे.

बारा वर्षांच्या त्या मुलाला मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याच्यापुढे मांडण्यात आल्या. मुलकी सेवेतील एफ. ए. एच. इलियट यांची गुरू म्हणून नेमणूक झाली. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभार पाहत होते आणि सहा-सात वर्षांत या मुलाच्या हाती तो सोपवायचा होता. ज्यांनी वर्गात मुलांना शिकविले आहे त्यांना या परिस्थितीतील खरी अडचण लगेच उमगेल. बारा वर्षांच्या मुलाची बुद्धी आणि जिज्ञासा बारा वर्षांची असते, पण अक्षर लावण्याची शक्ती सहा वर्षांच्या बालकाची असेल तर जे पुस्तक त्याला वाचता येते ते त्याला पोरकट वाटते, आणि जे त्याला हवेसे वाटते ते वाचता येत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत बसतील अशी पुस्तके त्या काळी मराठीत किती होती? सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आणि ‘बाळमित्र’ ही १८२८ पासून उपलब्ध होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस कथा होत्या. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये येऊ लागली होती. त्याखेरीज बखरी आणि पोथ्या. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक निघाले ते १८८१ मध्ये, म्हणजे सयाजीरावांचे विद्यार्थिजीवन संपत आले तेव्हा. या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी ज्या वयात ‘किशोर’च्या अंकाची वाट पाहिली, त्या वयात सयाजीरावांपुढे तसे काहीच नव्हते.

तरीही ते वाचक झाले, आणि ही गोष्ट थोडी नवलाचीच आहे. सक्तीने, घाईने आणि राज्याच्या गरजेपोटी ज्याला शिकविले जाते तो बहुधा शिक्षण संपताच पुस्तक मिटतो. माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली; ती उपयुक्त होती, पण एखाद्या तरुणाला वाचनाची गोडी लागावी अशी ती नव्हेत. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण राज्याधिकार मिळाल्यावर सयाजीरावांच्या मागे कोणी गुरू उरला नव्हता. तेथून पुढे त्यांनी जे वाचले ते स्वतःच्या इच्छेने वाचले. ते स्वतः वाचीत, तसेच वाचून दाखविण्यासाठी खास माणसे नेमीत. गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे वाचन करताना काढलेल्या टिपणांचे त्यांचे पुस्तक १८९६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणाऱ्या मुलाने तेहतिसाव्या वर्षी गिबनवर टिपणे छापावीत, हा प्रवास थोडाथोडका नाही.

सयाजीरावांची कारकीर्द मोठी आणि अनेक अंगांची होती. कलाभवन, बँक ऑफ बडोदा, न्यायखात्याची सुधारणा, अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी शाळा, यांतील प्रत्येक विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले आहेत. १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटापुढे ते पुरेसे लवले नाहीत म्हणून उठलेले वादळ तर सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास बडोद्याच्या खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली होती, आणि त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या पेट्यांचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

त्याचा आरंभ शाळेपासून होतो. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात ही कल्पना तेव्हा कागदावरही उतरली नव्हती. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती; पुढे ती वाढविण्यात आली. कायदा धाडसी होता, पण त्याच्या अंमलातून एक नवा प्रश्न उभा राहिला. बारा वर्षांचा मुलगा शाळा सोडून शेतावर, मागावर किंवा दुकानात जाई आणि चार-पाच वर्षांत शिकलेले विसरून जाई. सरकारने खर्च केला, बापाने दंडाच्या धाकाने मुलाला पाठविले, शिक्षकाने घोकून घेतले, आणि अठराव्या वर्षी तो पुन्हा अंगठा उठविण्यापर्यंत येऊन पोहोचे. ज्या वयात सयाजीरावांचे शिक्षण सुरू झाले त्याच वयात त्यांच्या प्रजेतील मुलांचे संपत होते. या योगायोगाचा विचार स्वतः महाराजांच्या मनात आला असेल किंवा नसेल. पण बाराव्या वर्षानंतरही मुलाच्या हाती पुस्तक राहिले पाहिजे, हे बडोद्याच्या ग्रंथालयांमागचे एक प्रमुख कारण होते.

मुलींच्या बाबतीत तर अडचण आणखी मुळाशी होती. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीचे लगेच लग्न होत असेल तर तिच्या आयुष्यात कुमारवय नावाचा काळच उरत नाही. बालपण संपते आणि संसार सुरू होतो. १९०४ चा बडोदे संस्थानचा बालविवाह प्रतिबंधक कायदा या दृष्टीने वाचला तर तोही वाचनाच्या इतिहासाचाच भाग ठरतो. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत सहलेखनाने ग्रंथ लिहिला, तो १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोद्यात स्त्रियांसाठी वेगळे ग्रंथालयही चालू झाले. हे सर्व एकाच घरात, एकाच दशकात घडत होते.

१९०६ मध्ये सयाजीराव अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत कामगार, स्त्रिया आणि शाळकरी मुले कोणाच्याही परवानगीवाचून आत येऊन वाचतात, हे त्यांच्या मनात राहिले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डेन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डेन हे न्यू हेवन शहरातील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. ती संस्थाच मुळी काम शिकणाऱ्या उमेदवार तरुणांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःसाठी उभी केलेली. शाळा सुटून कामाला लागलेल्या वयाची मुले काय वाचतात, हा बॉर्डेन यांच्या रोजच्या कामाचा विषय होता. सयाजीरावांनी नेमका हाच माणूस निवडावा, हे त्यांच्या पारखीपणाचे लक्षण मानावयास हवे. बॉर्डेन १९१३ पर्यंत बडोद्यात राहिले. तेवढ्या अल्प काळात ग्रंथालय खाते उभे राहिले, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग निघाले, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धती ठरली आणि इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तीन भाषांत मजकूर देणारे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक सुरू झाले. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह दिला.

खेड्यांसाठी योजना साधी होती. ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावाने उचलावा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने आणि एक तृतीयांश सरकारने. फुकट मिळालेली वस्तू गाव आपली मानीत नाही, हे सयाजीरावांना कवळाण्यात घालवलेल्या बारा वर्षांमुळे ठाऊक असावे. या कामात मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने गावोगावी फिरून आधीच मशागत करून ठेवली होती. मित्रमंडळांच्या नावाने त्यांनी काढलेली छोटी वाचनालये सरकारी खात्यापूर्वीची आहेत. ज्या गावाला तृतीयांश वाटाही परवडत नसे तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पेटीत मोजकी निवडक पुस्तके असत, नेण्या-आणण्याचा खर्च सरकार करी आणि गावातील एखादा जबाबदार गृहस्थ किंवा शाळामास्तर ती सांभाळी. ठरावीक मुदतीनंतर ती पेटी परत जाई आणि दुसरी येई. सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या अखेरीस संस्थानातील ग्रंथालयांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

बडोदे शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन काढण्यात आले. तेथे पुस्तकांबरोबर चित्रे होती, खेळ होते. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाची धुरा अॅन कॅरल मूर यांच्याकडे आली ती १९०६ मध्ये. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत हिंदुस्थानातील एका संस्थानात तशीच खोली उघडावी, ही सामान्य बाब नव्हती. आणखी एक सुधारणा वरवर किरकोळ दिसते, पण कुमारवयीन वाचकाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. ती म्हणजे मुक्तप्रवेश. वाचकाने कपाटापाशी स्वतः जावे, पुस्तक काढून चाळावे, आवडले नाही तर परत ठेवावे. तोवरच्या प्रथेप्रमाणे कुलूपबंद कपाटातील पुस्तक कारकुनाकडे नाव सांगून मागावे लागे. चौदा वर्षांच्या मुलाला पुस्तकाचे नाव ठाऊक नसते. आपल्याला काय हवे हेही नेमके ठाऊक नसते. ते त्याला कपाटापुढे उभे राहिल्यावर कळते. शिवाय कारकुनाकडे कादंबरी मागण्याची त्याला भीती वाटते, ती वेगळीच.

कादंबरीची भीती हा त्या काळातील घराघरांतला विषय होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून येत होत्या, पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली, आणि शाळकरी मुले त्या चोरून वाचीत. कादंबरीने मुले बिघडतात, अभ्यासावरून मन उडते, मुली स्वप्नाळू होतात, अशी वडीलधाऱ्यांची पक्की समजूत होती. आज ज्या पालकांना मुलांच्या हातातील रहस्यकथा किंवा अद्भुतकथा खटकते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या हातातील हरिभाऊही कोणाला तरी असेच खटकले होते. बडोद्याच्या व्यवस्थेने या वादात उघड बाजू घेतली नाही. तिने मुलासाठी दालन उघडे ठेवले आणि कपाट उघडे ठेवले. काय उचलायचे हे बऱ्याच अंशी त्याच्यावर सोपविले.

बऱ्याच अंशी म्हणावयाचे ते एवढ्यासाठी की, सयाजीरावांचा स्वतःचा कल गोष्टीपेक्षा ज्ञानाकडे अधिक होता. १९१२ मध्ये त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून ग्रंथप्रकाशनाची सोय केली. त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला अशा दोन माला मराठी व गुजराती भाषांत निघाल्या. बालज्ञानमालेच्या नावातच ज्ञान आहे, गोष्ट नाही. लहान आकाराची, कमी किमतीची, मातृभाषेतील ही पुस्तके त्या काळी अमोल होती यात शंका नाही. परंतु वयात येणाऱ्या मुलाला माहितीइतकीच दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात शिरून पाहण्याची निकड असते, आणि ती कल्पित कथेशिवाय भागत नाही. ही गरज ओळखणारे वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ पासून निघत होते. बालज्ञानमालेत तो मोकळेपणा कमी आहे. ज्याला स्वतःला कुमारवयात गोष्टीसाठी फुरसत मिळाली नाही, त्याने मुलांना प्रथम ज्ञान द्यावेसे वाटणे स्वाभाविक होते, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

कुमारवयातील एक पुस्तक कोठवर पोहोचते याचे एक उदाहरण सयाजीरावांच्या चरित्राशी थेट जोडलेले आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक विद्यार्थी रोज वाचीत बसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरले. १९०७ मध्ये तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे त्याच्या महाविद्यालयीन शिक्षणाची अडचण सयाजीरावांच्या कानी घातली. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये त्याच भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या चरित्रग्रंथाचे पुढे काय झाले हे १९५६ च्या नागपूरने साऱ्या देशाला दाखविले.

या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र सांगितल्याशिवाय राहू नये. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या सेवेत रुजू होण्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि कचेरीत शिपाईही कागदपत्रे दुरून टाकीत. ज्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरत होत्या त्याच संस्थानाच्या राजधानीत हे घडले. महाराजांचा कायदा आणि महाराजांची ग्रंथालये लोकांच्या दारापर्यंत पोहोचली होती. दाराच्या आत काय चालते यावर त्यांचा अंमल चालत नव्हता. सयाजीरावांचे मोठेपण सांगताना ही गोष्ट झाकून ठेवण्याची गरज नाही.

घरातही त्यांना सुख थोडेच लाभले. प्रथम पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या. मुलांना त्यांनी देशोदेशीचे उत्तम शिक्षण दिले. पण फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव हे तिन्ही पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. प्रकृती साथ देत नसल्याने वर्षातील बराच काळ ते परदेशी असत आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही होई. अशा प्रवासातही पुस्तके आणि वाचून दाखविणारे माणूस बरोबर असे. महाराजांचे असे वाचक म्हणून काम केलेले न्यूटन मोहन दत्त यांनी पुढे बॉर्डेन यांच्यानंतर ग्रंथालय खात्याची धुरा वाहिली आणि बडोद्याच्या ग्रंथालयांवर १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले.

बडोदे हे गुजराती भाषकांचे राज्य होते. राजघराणे आणि दरबारातील बरीच मंडळी मराठी असली तरी प्रजा बहुतांशी गुजराती होती. सयाजीरावांनी गुजरातीला राजाश्रय दिला आणि मराठीही हातची सोडली नाही. १९०९ चे मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांकडे आले. महाराष्ट्राबाहेर मराठी कशी टिकवायची हा प्रश्न जबलपूरकरांना नवा नाही. येथील गोरखपूरच्या वस्तीत ज्या घरांतील मुले रस्त्यावर हिंदी बोलतात आणि घरी मराठी, त्यांना बडोद्याची अडचण समजावून सांगावी लागत नाही. जबलपूरची नर्मदा पुढे भडोचपाशी समुद्राला मिळते आणि तेथून उत्तरेला थोड्या अंतरावर बडोदे आहे. नदीच्या दोन टोकांशी असलेल्या या मराठी वस्त्यांत एक फरक मात्र होता. बडोद्याला मराठी पुस्तक छापून देणारा राजा होता. इतरत्र ते काम वर्गणी काढून चालणाऱ्या वाचनालयांनी आणि शाळांनी केले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीराव महाराजांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे भाषावार रचनेत ते गुजरातेत गेले. बडोद्याच्या मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालय मात्र चालू राहिले. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधील त्याच्या मजल्यांना काचेच्या लाद्या बसविलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर पडलेला उजेड त्यांतून झिरपत खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत येतो, आणि दिवसा दिव्यावाचून पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता येते.